हात बसलेला नाही की हिशोब बसत नाही?

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दिवाळीपर्यंत सीताफळांची रेलचेल असते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ मऊ पडलं की दोन-तीन दिवसांत नासतं, म्हणून कित्येक तरुण आणि बचत गटातल्या बाया गर काढायच्या उद्योगात उतरतात. पहिल्या हंगामात पैसे बुडाले की घरचे म्हणतात, "आपल्या बसचं काम नाही हे." या बोलण्यात दोन वेगवेगळी अपयशं एकात एक मिसळतात, आणि त्यांचे उपाय तर एकमेकांच्या अगदी उलट.

एक म्हणजे हात न बसणं. ते मालातच दिसतं. गर तापवून टिकवायला गेलं की कडवट होतो. हवा लागली की तांबूस पडतो. साल जोरात खरवडली तर सालीलगतची कणी गरात उतरते आणि दाताखाली कचकचते. बी फुटू देणं तर सगळ्यात वाईट, कारण ती विषारी असते. या प्रत्येक दोषाला कारण आहे, म्हणून इलाजही आहे: गर न तापवता गोठवायचा, तांबूस पडू नये म्हणून लिंबूसत्त्व प्रमाणात घालायचं, बी न फोडता हलक्या हातानं वेगळी करायची. एका घाण्याला एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं जमलं तेच कळत नाही. इथं धीर धरायचा.

दुसरं म्हणजे हिशोब न बसणं. गर पांढराशुभ्र, चाखणारा खूश, तरी गल्ला रिकामा. गर उणे १८ अंशांवर ठेवावा लागतो. हंगाम दिवाळीला संपतो आणि आइस्क्रीमवाल्यांची मोठी मागणी उन्हाळ्यात येते. तोवरचं वीजबिल आणि लोडशेडिंग कोण सोसणार? इथं हात कितीही सफाईदार झाला तरी उपयोग नाही.

हात बसायच्या आत धंदा सोडणारे पाहून हळहळ वाटतेच. पण हिशोब बसत नसताना हातच सुधारत राहणारे जास्त खोलात जातात, असं माझं ठाम मत आहे, कारण त्यांना आपण कष्ट करतोय असंच वाटत राहतं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं, पण ते कर्जाशी जोडलेलं असतं. त्यानं यंत्राचा भार हलका होतो, महिन्याचं वीजबिल नाही.

ओळखायचं कसं? गर अगदी निर्दोष उतरला असं धरा. फळ, मजुरी, वीज, गाडीभाडं वजा जाता किलोमागे काही उरतं का? उरत असेल तर पुढच्या हंगामाला पुन्हा बसा. उरत नसेल तर साठवण सोडून द्या. त्याच आठवड्यात गावातल्या बासुंदीवाल्याला ताजा गर द्या, किंवा ज्याच्याकडे शीतगृह आहे त्याला मजुरीवर गर काढून द्या. बसलेला हात तिथंही कामाला येतो.