सर्व्हरवरील प्रतिमानिर्मिती

वेब सर्व्हरवर साठवलेली चित्रफाइल न पाठवता, मागणी येताच प्रोग्रॅमने प्रतिमा घडवून ब्राउझरकडे धाडण्याचे तंत्र. उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे आरंभीच्या माहितीत, ‘इमेज/पीएनजी’ असा चित्रप्रकार नोंदवलेला असला, की ब्राउझरला फाइल आणि प्रोग्रॅम सारखेच. आलेख, थंबनेल (चित्राची छोटी प्रत), कॅपचा (वापरणारा माणूसच आहे हे तपासणारे चित्र) हे उपयोग परिचित आहेत.

या तंत्राचा इतिहास बहुधा वेबपानाच्या भेटी मोजून आकडा चित्ररूपात दाखवणाऱ्या काउंटरांपासून सांगितला जातो. त्यांतील काही एक्सबीएम हा दुरंगी प्रकार वापरत. त्यात चित्र म्हणजे सी भाषेतला मजकूरच असल्याने साध्या प्रिंट आज्ञेने अंक उमटत. तथापि झेरॉक्स कंपनीच्या पार्क (पीएआरसी) या संशोधन केंद्रातील स्टीव्ह पुट्झ यांचा नकाशादर्शक १९९३ च्या मध्यासच सुरू झाला होता. वापरणाऱ्याने क्लिक केलेल्या भागाचा नवा नकाशा तो जीआयएफ या चित्रप्रकारात काढून देई. अग्रमान त्याला देणे अधिक सयुक्तिक दिसते.

या कामासाठी सर्वाधिक रुळलेली जीडी ही लायब्ररी (प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड) टॉमस बाउटेल यांनी १९९४ च्या सुमारास सी भाषेत लिहिली. जीआयएफमधील एलझेडडब्ल्यू या संक्षेपनपद्धतीचे पेटंट युनिसिस कंपनीकडे होते. डिसेंबर १९९४ मध्ये परवाना शुल्काची घोषणा होताच वाद पेटला आणि त्यातूनच पीएनजी या पर्यायी चित्रप्रकाराचा जन्म झाला. जीडीने १९९९ मध्ये १.६ आवृत्तीत जीआयएफ वगळून पीएनजी स्वीकारले. अमेरिकेतील पेटंट २० जून २००३ रोजी संपले, अन्य देशांतील २००४ मध्ये, त्यानंतरच २.०.२८ आवृत्तीत जीआयएफ परतले. दरम्यान पीएचपी या सर्व्हरवरील प्रोग्रॅमिंग भाषेच्या ४.३ आवृत्तीपासून जीडीची प्रत पीएचपीसोबतच येऊ लागली होती. तंत्राचा प्रसार मुख्यतः त्यामुळे झाला असावा.

ट्रूकलर, म्हणजे पूर्ण रंगांच्या, प्रतिमेत जीडी प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट घेते. ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर दोन-तीन एमबीचा असला, तरी उघडताच सुमारे ४८ एमबी मेमरी व्यापतो. थंबनेल करताना स्क्रिप्ट मध्येच बंद पडते ती बहुतेकदा याच कारणाने.

देवनागरीची अडचण निराळी. पीएचपीसोबतची जीडी फ्रीटाइप या फॉन्ट वाचणाऱ्या लायब्ररीकडून मिळालेली चिन्हे नुसती एकापुढे एक मांडते, त्यांची जुळणी करत नाही. परिणामी युनिकोड फॉन्टमधील ‘किल्ला’ लिहिताना वेलांटी क-नंतर पडते आणि ल्ल न जुळता पाय मोडलेला ल उघडा दिसतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत अक्षरे दिसण्याच्याच क्रमाने टंकलेली असल्याने तेथे हा दोष जाणवत नसे. युनिकोड मजकुरासाठी अक्षरांची जुळणी करणाऱ्या पँगो लायब्ररीची जोड असलेले इमेजमॅजिक हे प्रतिमा-सॉफ्टवेअर वापरणे श्रेयस्कर.