नेट न्यूट्रॅलिटी अर्थात इंटरनेटची तटस्थता

इंटरनेटची जोडणी पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या जाळ्यातून जाणाऱ्या सर्व माहितीला सारखी वागणूक द्यावी, ती कोणाची आहे आणि कोणत्या ॲपमधून आली आहे हे पाहून तिची वाट अडवू नये, वेग कमी-जास्त करू नये किंवा वेगळा दर लावू नये, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक टिम वू यांच्या २००३ मधील लेखनातून ही संज्ञा रूढ झाली.

हे तत्त्व मोडण्याचा मोह कंपन्यांना व्यवसायातूनच होतो. ग्राहक आणि संकेतस्थळ यांच्यामधली वाट कंपनीच्या ताब्यात असते आणि त्याच वाटेने येणाऱ्या सेवा तिच्या जुन्या उत्पन्नावर घाला घालत असतात. इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याची घोषणा एअरटेलने डिसेंबर २०१४ मध्ये केली आणि ग्राहकांच्या रोषामुळे थोड्याच दिवसांत मागे घेतली. मार्च २०१५ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, अशा सेवांच्या नियमनाविषयी सल्लापत्र काढले. त्यातील प्रश्नांचा रोख कंपन्यांच्या बाजूचा आहे, असे अनेकांना वाटले आणि दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ई-मेल पाठवून तटस्थतेची बाजू मांडली. ठरावीक ॲप वापरताना ग्राहकाला डेटाचे पैसे पडू न देणाऱ्या एअरटेलच्या शून्य-दर योजनेतून फ्लिपकार्ट त्याच सुमारास बाहेर पडले.

खरा कस लागला तो फुकटच्या प्रश्नावर. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने आणलेल्या ‘फ्री बेसिक्स’मध्ये निवडक संकेतस्थळे डेटाचे पैसे न देता पाहता येत होती. गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले बरे, हा त्यामागचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण त्या थोड्यात काय असावे हे ठरवण्याचा अधिकार त्यातून कंपनीच्या हाती जातो. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली. उल्लंघन केल्यास दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड ठरला, आणि काही दिवसांतच फेसबुकने ही योजना भारतातून मागे घेतली. अडवणूक व वेगातील भेदभावाला मनाई करणाऱ्या अटी २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांच्या परवान्यांत घातल्या.

पुण्यासारख्या शहरात या नियमांचे मोल सहज दिसते. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्या आपली सोय कशीही करून घेतील, पण सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतून व्याख्यानांचे ॲप चालवणाऱ्या शिक्षकाला ती ऐपत नसते. बड्या स्पर्धकाची व्याख्याने फुकट आणि त्याची मात्र डेटा खर्चून पाहावी लागणार असतील, तर घरून येणाऱ्या मोजक्या पैशांत खोलीभाडे आणि मेस भागवणारा विद्यार्थी कोणाकडे वळेल, हे सांगायला नको. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. त्या लिपीतला मजकूर वाचकापर्यंत इतरांइतक्याच सहजपणे पोचला पाहिजे. वाचक मोजके आणि जाहिराती तुटपुंज्या असलेल्या भाषांना कोणतीही वाढीव फी झेपत नाही.

तटस्थतेलाही अपवाद आहेत. आणीबाणीतील सेवा, जाळ्यावरील ताण आवरण्यासाठीचे वाजवी व तात्पुरते उपाय आणि काही विशेष सेवा यांना सूट आहे. मजकुराच्या प्रती ग्राहकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणारी जाळीही नियमाबाहेर आहेत. ती परवडणाऱ्यांची पाने लवकर उघडतात, त्यामुळे ही सूट डोळ्यांत तेल घालून तपासत राहायला हवी.

भारतातील हे संरक्षण नियमावली आणि परवान्यांच्या अटी यांवर उभे आहे, म्हणून ते धोरणाबरोबर बदलू शकते. अमेरिकेत २०१५ चे नियम २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये पुन्हा आले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते मोडीत काढले. भारतात मोबाइलचे बहुतांश ग्राहक जिओ आणि एअरटेल या दोनच कंपन्यांकडे असल्याने, न पटल्यास कंपनी बदला, हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही.

नवा दबाव वापर-शुल्काचा आहे. मोठ्या संकेतस्थळांमुळे जाळ्यावर भार पडतो, तेव्हा खर्चाचा वाटा त्यांनीही उचलावा, अशी मागणी दूरसंचार कंपन्यांची संघटना करीत आहे. वस्तुतः त्या डेटाचे पैसे ग्राहकाने रिचार्ज करतानाच भरलेले असतात आणि संकेतस्थळेही आपल्या जोडणीचे पैसे देतात. एकाच वाहतुकीसाठी तिसऱ्यांदा पैसे मागणे न्याय्य नाही. दक्षिण कोरियात कंपन्यांनी एकमेकींना डेटाच्या प्रमाणात शुल्क देण्याची पद्धत २०१६ पासून लागू आहे आणि त्याचा बोजा संकेतस्थळांवर येतो. व्हिडिओ गेमचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या ट्विच या संकेतस्थळाने याच खर्चाचे कारण देऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील सेवा बंद केली.