उभ्या गाडीचं तेल खाली उतरतं तेव्हा: जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींच्या एका दुखण्याची पार्श्वभूमी

नॉर्टनची कमांडो, ट्रायम्फची बोनव्हिल किंवा बीएसए ए-१० काही आठवडे हलवली नाही की ऑइल टाकीतली पातळी खाली जाते आणि इंजिनाच्या तळाचं क्रँककेस तेलाने भरतं. पुढचं सगळं या गाड्या बाळगणाऱ्यांना पाठ आहे: किक जड होते, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो, इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ब्रीदरमधून, तेल जमिनीवर पडतं, प्रायमरीत, म्हणजे क्लचच्या बंदिस्त घरात, शिरलेल्या तेलाने क्लच घसरू लागतो. टाकी रिकामी दिसली म्हणून कोणी वरून तेल ओतलं, तर इंजिन सुरू होताच खालचं तेल परत वर येतं आणि टाकी उतू जाते. दुखणं कोणतं यावर दुमत नाही. उपायावर मात्र पन्नास वर्षं वाद चालू आहे.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न या स्वरूपात नव्हता. तेल थेंबाथेंबाने इंजिनात जाई, काम झाल्यावर जळून किंवा गळून संपे. गाडी थांबवल्यावर थेंब बंद करणं हे चालवणाऱ्याचंच काम होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फिरतं तेल आलं. तेल वेगळ्या टाकीत, एक पंप ते इंजिनात ढकलणारा आणि दुसरा, जास्त क्षमतेचा, तळातलं तेल उपसून टाकीत परत पाठवणारा. टाकी पंपापेक्षा उंच ठेवली, म्हणजे पंपाच्या तोंडाशी तेल आपोआप हजर राहील. चालत्या गाडीला हे वरदान होतं. उभ्या गाडीत तेच तेल चोवीस तास पंपावर दाब देत बसतं.

हा दाब अगदीच किरकोळ असतो. टाकीतली पातळी पंपापेक्षा ४० सेंटिमीटर वर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३५ ग्रॅम, म्हणजे अर्धा पीएसआय. पण गिअर पंपात, म्हणजे दातेरी चाकांनी तेल ढकलणाऱ्या पंपात, दातांच्या बाजूने आणि तोंडाशी फट असतेच. त्याशिवाय गिअर फिरणार नाहीत. तेवढ्या फटीतून तेल वाट काढतं. पंप झिजलेला असेल आणि उन्हाळ्यात तेल पातळ झालं असेल, तर महिन्याचं काम आठवड्यात होतं.

प्रत्येक कारखान्याने यावर आपापला विचार केला. ट्रायम्फच्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, इंजिनांत १९३७ च्या स्पीड ट्विनपासून प्लंजर, म्हणजे दट्ट्याचा, पंप आला. त्यात बॉल आणि स्प्रिंगच्या झडपा अंगभूतच होत्या. बॉलखाली कचरा अडकेपर्यंत किंवा सीट खराब होईपर्यंत तेल थांबे. १९७१ मध्ये तेल फ्रेमच्या नळीतच भरायला सुरुवात झाली, तरी पंपाचं तत्त्व तेच राहिलं. बीएसएने गिअर पंप ठेवला, पण पंपाच्या पुढे, तेल इंजिनात जाण्याच्या वाटेवर, क्रँककेसमध्ये बॉलची झडप बसवली. वेलोसेटने उलटं केलं: टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीतच झडप दिली. आणि नॉर्टनने काहीच दिलं नाही.

इथे थांबायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ नॉर्टनच्या या रिकाम्या जागेतून निघाला. स्मॉल हीथचा बीएसए आणि ब्रेसब्रिज स्ट्रीटचा नॉर्टन, दोन्ही बर्मिंगहॅमचे. एका कारखान्यात झडप होती आणि त्याच शहरातल्या दुसऱ्यात नव्हती. सिंगल इंजिनांच्या दिवसांत हे खपून गेलं, कारण गाडी रोजच्या वापराची होती. कामगार सकाळी किक मारून निघायचा, संध्याकाळी परतायचा. एका रात्रीत उतरून उतरून किती तेल उतरणार? १९६७ च्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात कमांडो मांडली गेली तोवर दिवस बदलले होते. मोठी मोटरसायकल शनिवार-रविवारची, उन्हाळ्याची झाली होती आणि हिवाळाभर गॅरेजमध्ये उभी राहत होती. पंपाची रचना मात्र जुनीच. पाच पिंटांची, म्हणजे सुमारे २.८ लिटरची टाकी बिनझडपेच्या गिअर पंपावर सोडून दिलेली.

कारखान्याने अखेर १९७५ च्या कमांडो ८५० मार्क ३ मध्ये इंजिनाच्या बाजूच्या झाकणात, टायमिंग कव्हरात, झडप दिली: पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला. जागा अचूक निवडली होती, पण फार उशीर झाला होता. कमांडोचं उत्पादन संपत आलं होतं आणि हजारो गाड्या झडपेविना रस्त्यावर होत्या.

या गाड्यांसाठी बाजारात जे आलं ते स्वस्त आणि सोपं होतं: टाकी आणि पंप यांच्यामधल्या रबरी नळीत बसवायची स्प्रिंगची झडप. नळी कापा, झडप घाला, क्लिप आवळा. अर्ध्या तासाचं काम. वाद आहे तो यावर, आणि माझ्या मते ही झडप बसवू नये.

कारण साधं आहे. दाबाच्या बाजूची झडप पंप ढकलून उघडतो, आणि ढकलायला पंपाकडे भरपूर ताकद असते. नळीतली झडप त्याला ओढून उघडावी लागते. टाकीचं वजन पेलण्याइतकी कडक स्प्रिंग लावली, की टाकी उंच ठेवून पंपाला जे आयतं तेल मिळत होतं तेच बंद होतं. तेलाने भरलेला, नवा, घट्ट पंप ही ओढ सहज निर्माण करतो. पण झिजलेल्या पंपात, तेल बदलताना शिरलेल्या हवेचा बुडबुडा असेल, तर गिअर फिरत राहतात आणि झडप जागची हलत नाही. म्हणजे ज्या गाडीत तेल सर्वाधिक उतरतं, त्याच गाडीत ही झडप सर्वाधिक धोक्याची. नॉर्टन आणि ट्रायम्फच्या ट्विनमध्ये बिग एंडला, म्हणजे पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाला, बिनरोलरची साधी बेअरिंग असतात. त्यांना दाबाचं तेल नसेल तर ती फार थोड्या वेळात जातात. कमांडोवर तेलाचा दाब दाखवणारा दिवाही नव्हता.

नळीतल्या झडपेच्या बाजूने बोलणारे लोक वेलोसेटकडे बोट दाखवतात. कारखान्यानेच तिथे झडप दिली आणि गाड्या चालल्या, १९६१ मध्ये फ्रान्समधल्या मोंलेरीच्या ट्रॅकवर वेलोसेटच्याच व्हेनम गाडीने २४ तास सरासरी ताशी १०० मैलांच्या वर काढले. हे खरं आहे. पण वेलोसेटचा पंप काटेकोर बनवलेला होता, झडप त्याच्याच मापाची होती आणि बिग एंड रोलरचा होता, जो थोडा वेळ तेलावाचून निभावतो. ती अख्खी रचना होती. तिच्यातली एक वस्तू उचलून दुसऱ्या इंजिनाच्या नळीत घातल्याने ती रचना तिथे येत नाही. अनेक वर्षं विनातक्रार वापरणारेही आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांचे पंप चांगले आहेत.

दाबाच्या बाजूची झडपही पूर्ण इलाज नाही. पंपाच्या स्पिंडलशेजारून आणि झाकणाच्या फटीतून तेल टायमिंग कव्हरामागच्या पोकळीत, टायमिंग चेस्टमध्ये, झिरपतंच, तिथे पुढची झडप काय करणार? म्हणून जुने फिटर आधी पंप उघडायला सांगतात: काचेवर बारीक एमरी कागद ठेवून बॉडीची तोंडं घासायची, गिअरची बाजूची ढील काढायची, पंप बोटांनी किंचित जड फिरेल असा बसवायचा. जुन्या टायमिंग कव्हरात मार्क ३ सारखी झडप यंत्रावर बसवून देणारी वर्कशॉपही आहेत. पंप दुरुस्त करून मग हे काम केलं, तर गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिवस टाकीत तेल धरून राहते.

तिसरी वाट कॉकची. नळीला हाताने बंद करायचा कॉक लावला की एक थेंब उतरत नाही. पण उघडायला विसरलं की इंजिन गेलंच. म्हणून कॉकला छोटा स्विच जोडतात. बॅटरीवरच्या कॉइल इग्निशनच्या गाडीत कॉक बंद असताना करंट तुटतो, बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या गाडीत मॅग्नेटो अर्थ होतो. कॉक उघडल्याशिवाय ठिणगीच पडत नाही. ओढून उघडायच्या झडपेपेक्षा हे मला कितीतरी प्रामाणिक वाटतं, कारण उघडा कॉक पंपाच्या वाटेत येत नाही.

आपल्याकडे युद्धकाळात आलेल्या बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६एच अजून कुठे कुठे चालत्या आहेत, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मद्रासला बनू लागलेली रॉयल एनफील्ड बुलेट तर सगळीकडेच. जुन्या बुलेटची तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतीव भागात आहे, त्यामुळे तेलाची उंची कमी आणि उतरणंही बेताचं. तरी ती फार दिवस उभी राहिली की डिपस्टिक कमी दाखवते. महाराष्ट्रात जुनी गाडी उभी राहते ती हिवाळ्यात नाही, जून ते सप्टेंबर. उन्हाने तापलेल्या मे महिन्यातली शेवटची फेरी झाली की गाडी चार महिने ताडपत्रीखाली जाते. अशी गाडी काढताना पहिल्या किकच्या आधी क्रँककेसच्या तळाचा, म्हणजे संपचा, बोल्ट काढून खालचं तेल भांड्यात घ्यावं, मोजावं आणि तेवढंच टाकीत भरावं. मग इंजिन सुरू करून टाकीचं झाकण उघडावं आणि परतीच्या नळीतून तेल येताना दिसल्याशिवाय थ्रॉटलला हात लावू नये.