ऊन वेगळं, उकाडा वेगळा

मे महिन्यात भर दुपारी इंदूरच्या राजवाड्यावरून चालत आलेला माणूस घरात पाय ठेवताच म्हणतो, 'काय ऊन आहे!' जूनअखेरीस एखादी सर पडून गेली की तोच माणूस बनियनचा गळा ओढत म्हणतो, 'काय उकडतंय!' या दोन वाक्यांची अदलाबदल कुणी करत नाही. जिभेला कळणारा हा फरक मोबाइलवरच्या आकड्याला मात्र कळत नाही. तिथं 41 दिसलं की आपण धसका घेतो, 35 दिसलं की 'चला, आज बरं आहे' म्हणून मोटरसायकल ट्रॅकवर पळवायला लेदर सूट चढवतो. मला ट्रॅकवर आडवं केलं ते या 35नेच.

आधी आम्हा इंदूरवाल्यांची पंचाईत सांगतो. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक आहे, 2021 मध्ये सुरू झालेला, घरापासून तासाभराच्या आत. पण तो गाड्यांच्या चाचण्यांसाठी. वळणं कशी घ्यायची हे शिकायला आमच्यातले बरेच जण चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातात. म्हणजे गरमीची सवय करायची माळव्यात आणि परीक्षा द्यायची समुद्राजवळ. दोन्हीकडे घाम येतो, म्हणून दोन्ही एकच, असं मला वाटायचं.

त्या वर्षी मी एक कूलिंग व्हेस्ट घेतली होती. पाण्यात बुडवायची, पिळायची, अंगात घालायची. मे महिन्यात महूच्या रस्त्यावर जाळीच्या जॅकेटखाली घालून पाहिली आणि वेडाच झालो. बाहेर 41 अंश आणि छातीवर चक्क गारवा, सुरुवातीला तर शहारा आला. तासाभराने हात लावून पाहिलं तर कोरडी ठणठणीत. सप्टेंबरमध्ये तीच व्हेस्ट घेऊन मोठ्या ऐटीत चेन्नई गाठली. तिथं हवा 35 अंशांची. तिसऱ्या सेशनमध्ये, म्हणजे ट्रॅकवर गाडी चालवायच्या तिसऱ्या पाळीत, ब्रेक मारायची खूण दोनदा चुकली, वळणाचा शेवट धूसर दिसायला लागला, तेव्हा हात वर करून बाहेर आलो. सूट कमरेपर्यंत सोलला. व्हेस्ट सकाळी घातली होती त्याहून ओली होती. पिळली तर धार लागली, आणि ते पाणी कोमट होतं.

घरी कूलर असलेल्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. आजीच्या वाड्यात वाळ्याचे पडदे होते. मेमध्ये त्यांच्यावर पाणी मारलं की खोली गार आणि सुगंधी. जुलैत तेच केलं असतं तर अंथरूण दमट आणि अंग चिकट झालं असतं, म्हणून आजी पहिल्या पावसानंतर पडदे गुंडाळून माळ्यावर टाकायची. माठाचंही तेच. मेमधलं माठाचं पाणी दातांना लागतं, श्रावणात ते नुसतं पाणी असतं. माठ, पडदा, कूलर, व्हेस्ट आणि घामेजलेलं अंग ही सगळी एकाच तत्त्वावर चालणारी यंत्रं. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. उडायला जागा नसेल, म्हणजे हवा आधीच पाण्याने भरलेली असेल, तर यंत्र बंद.

आता आकडे. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला तर तो जिथवर उतरतो, त्याच्या खाली घाम तुम्हाला नेऊ शकत नाही. हवा 41 अंश आणि आर्द्रता 20 टक्के, म्हणजे आमचा मे, असेल तर ओलं फडकं साधारण 23 अंशांपर्यंत उतरतं. हवा 35 अंश आणि आर्द्रता 65 टक्के असेल तर तेच फडकं 29च्या आसपास अडतं. मोबाइलच्या हिशेबात दुसरा दिवस सहा अंशांनी सुखाचा, ओल्या फडक्याच्या हिशेबात तेवढ्याच अंशांनी वाईट. त्वचा साधारण 35 अंशांची असते. ती आणि फडकं यांच्यात जितकं अंतर, तितकी शरीराला उष्णता टाकायला वाट. अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी 1950च्या दशकात उष्णतेचा जो एकत्रित निर्देशांक तयार झाला, त्यात ओल्या फडक्याला 70 टक्के वजन आहे, थेट उन्हात तापलेल्या काळ्या गोळ्याला 20 आणि आपण ज्याला 'तापमान' म्हणतो त्याला फक्त 10. खेळ आणि कवायतीसाठी आजही हेच वापरतात.

बडोद्याची आत्या जूनमध्ये फोनवर म्हणाली, 'तुमच्याकडे 42? बाई गं! आमच्याकडे 37च आहे.' मी म्हटलं, आत्या, तुमचं 37 आमच्या 42 वर भारी आहे. तिला वाटलं मी तिची समजूत काढतोय.

मजा अशी की मोटरसायकलला यातलं काहीच लागू होत नाही. इंजिनाला घाम येत नाही. रेडिएटरला फक्त कोरड्या हवेचा आकडा कळतो, त्यामुळे 41चा दिवस गाडीला जड आणि 35चा हलका. डांबरही मेच्या उन्हात जास्त तापतं आणि टायरमधली हवा फुगते. गाडी खूश दिसली म्हणजे स्वार खूश असेल असं नाही.

तर दोन दिवसांची तयारी उलटसुलट करावी लागते, आणि गोंधळ इथंच होतो.

कोरड्या उन्हात वारा मित्र नाही. हवा त्वचेपेक्षा गरम असली की वेगाने येणारा वारा उष्णता घेत नाही, देतो. हेअर ड्रायर तोंडावर धरल्यासारखं. म्हणून 42 अंशांत रस्त्यावर चालवताना सगळी जाळी उघडी टाकण्यापेक्षा अंग झाकून आतला कपडा ओला ठेवणं आणि हवा बेताने आत घेणं बरं. मारवाडातला माणूस उन्हात सदरा काढत नाही, डोक्यावर आणखी एक पागोटं चढवतो. घामही इथं फसवतो. तो आल्याआल्या उडतो, त्यामुळे आपण घामेजलोय हे समजतच नाही. टी-शर्टवर पांढरे मिठाचे नकाशे उमटले की कळतं किती गेलं ते. अंग कोरडं आहे म्हणून पाणी न पिणं ही मेमधली चूक.

उकाड्यात नेमकं उलट. घाम दिसतो, टपकतो, बुटात साचतो, आणि आपल्याला वाटतं शरीर काम करतंय. टपकलेला घाम वाया गेलेला घाम. जो त्वचेवरून उडाला तोच कामाचा. इथं वारा हवाच, कारण तो अंगाला चिकटलेली दमट हवा बाजूला सारतो. छिद्रांचं लेदर इथं खरं कामाला येतं, पण फक्त गाडी धावत असताना. पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांबायच्या पट्टीत, हिरव्या झेंड्याची वाट पाहत पाच मिनिटं उभं राहिलात की तेच लेदर कुकर होतं.

यावर एक गुंता आहे आणि तो मला फार उशिरा उमगला. लेदर छिद्रांचं नसेल तर मे महिन्यातही सूटच्या आत उकाडाच असतो. बाहेर माळवा, आत मुंबई. घाम उडतो, सूटमधली एवढीशी हवा भरून जाते, आणि मग पुढचा घाम टपकायला लागतो. बंद सूटखाली ओली व्हेस्ट घालणं म्हणजे खिडक्या लावून कूलर चालवणं. इंदूरला माझी व्हेस्ट चालली ती जाळीच्या जॅकेटमुळे. श्रेय मी व्हेस्टला दिलं.

मग दमट दिवशी काय न्यायचं? बर्फ. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता नेतो, एक किलो बर्फ वितळताना फक्त 80. कागदावर बर्फ सातपट दुबळा. पण बर्फ वितळताना हवेची परवानगी मागत नाही, चेन्नईत वितळतो तितकाच, बंद सूटमध्येही. म्हणून मेमध्ये पाण्याचे कॅन आणि दमट दिवशी बर्फाची मोठी पेटी, असा माझा आता सरळ हिशेब आहे. सेशन संपलं की सूट कमरेपर्यंत खाली, मानेभोवती बर्फाचा पंचा, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत. हे हात बुडवणं अग्निशमन दलाचे जवानही करतात. हातातून भरपूर रक्त वाहतं आणि ते गार होऊन परत जातं. पिटमध्ये बादलीत हात घालून बसलेला माणूस धुणं धुतोय असं दिसतं, पण दहा मिनिटांत डोकं ताळ्यावर येतं.

सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही मोटरसायकलींची जागतिक शर्यत झाली तेव्हा जगाने हे पाहिलं. उत्तर भारतातला सप्टेंबर, म्हणजे ऊन उतरलेलं आणि हवा दमट. शर्यत 24 फेऱ्यांची होती, उष्णतेमुळे 21 केली. दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपल्यावर शरीरातलं पाणी आटून कोसळला. ही माणसं वर्षभर व्यायाम करतात, आपण शनिवारी सेव-जिलेबी खाऊन जातो.

पिण्याबद्दल थोडक्यात. दोन्हीकडे मीठ जातं, त्यामुळे नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, तेवढ्यातच, किंवा मीठ घातलेलं कैरीचं पन्हं. बाहेरगावच्या पाहुण्यांनी 'शिकंजी प्या' हा सल्ला इंदूरमध्ये मात्र अमलात आणू नये. इथली शिकंजी लिंबाची नसते, दुधाची, केशर-मेव्याची, दाट. पिऊन झोप येते.

आणि एक गोष्ट जिथं हा फरक जिवावर बेततो. उष्माघात झाला की अंग कोरडं पडतं, हे ऐकत आपण मोठे झालो. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरं असतं. सूट घालून कष्ट केलेल्या माणसाला उष्माघात झाला तरी तो घामाने निथळत असू शकतो. तेव्हा घाम बघू नका, बोलणं बघा. मित्र असंबद्ध बोलतोय, चिडतोय, हेल्मेटचा पट्टा सापडत नाहीये, तर सूट उतरवा आणि जागेवरच गार करायला घ्या, एकीकडे रुग्णवाहिका बोलवा. गार करणं आधी, नेणं नंतर. मेच्या कोरड्या हवेत पाणी शिंपडून जोरदार पंखा लावला तरी बरीच उष्णता निघते. दमट हवेत त्या पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथं बर्फाच्या पाण्यात बुडवायला हवं, टब नसेल तर ताडपत्रीची झोळी करून.

आता मी ट्रॅकवर पोचलो की पिटच्या सावलीत दोन साधे तापमापक टांगतो, एकाच्या टोकाला ओल्या धोतराची चिंधी. चिंधीवाला 24-25 दाखवत असला तर व्हेस्ट भिजवतो. 28च्या वर गेला की व्हेस्ट बॅगेतच राहते आणि दुपारच्या सेशनमधलं एक मी सोडून देतो. शेजारच्या पिटमधली पोरं विचारतात, 'काका, ही कसली पूजा?' गेल्या वेळी त्यांच्यातलाच एक दुपारी दोन वाजता येऊन म्हणाला, 'जरा बघा ना, चिंधी काय म्हणतेय?' 29 म्हणत होती. तो बादलीपाशी जाऊन बसला.