लिटरली मेलो ना भो

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास गेला की कॉलेजची पोरं हमखास म्हणतात, "लिटरली मेलो ना भो उन्हाने". मग इंग्रजीचे एखादे सर टोकतात की लिटरली म्हणजे जसं बोललं तस्संच घडलेलं, तू तर समोर उभा राहून उसाचा रस पितोय. सरांचं बरोबरच आहे, फक्त त्यांना अडीचशे वर्षं उशीर झालाय.

शब्दाचं मूळ लॅटिनमधलं लिटेरा, म्हणजे अक्षर. आधी अर्थ सरळ होता, जसं लिहिलंय तसंच घ्यायचं. नंतर लोक खऱ्या गोष्टीवर जोर द्यायला तो वापरायला लागले आणि मग न घडलेल्या गोष्टीलाही चिकटवायला लागले. १७६९ मध्ये फ्रान्सिस ब्रुक या लेखिकेच्या कादंबरीत हा ढिला वापर सापडतो, आणि मार्क ट्वेनच्या कादंबरीतला पोरगा टॉम सॉयर (१८७६) तर लिटरली संपत्तीत लोळत होता, संपत्ती कोणती तर गोट्या, पतंग आणि दोरीला बांधलेला मेलेला उंदीर! १९०९ मध्ये अँब्रोस बीअर्स या अमेरिकन लेखकाने या वापराला चूक ठरवून झोडपलं, पण वेबस्टरच्या डिक्शनरीत हा अर्थ त्याच १९०९ पासून आहे. तरी २०१३ मध्ये डिक्शनरीत हा अर्थ दिसला म्हणून पेपरवाल्यांनी असा गहजब केला की जसं काही भाषा कालच बुडाली.

खरं म्हणजे हे फक्त लिटरलीचंच नाहीये. व्हेरी हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ 'खरा' असा होता, त्याच्याआधी जोर द्यायला इंग्रजांकडे स्वीथ होता, तो गेलाच. रियलीपण 'खरंच'वरूनच आलेला, आणि टेरिबली, ऑफुली हे तर धाकाचे, भीतीचे शब्द, आता टेरिबली नाइस म्हणतात. आपल्याकडे भरीत "बेक्कार भारी" होतं तेव्हा कोणी डिक्शनरी काढतं का? आणि अक्षरशः तर लिटरलीचा सख्खा भाऊच, "पोराने अक्षरशः डोकं खाल्लं" असं म्हणताना सरसुद्धा अडखळत नाहीत.

माझ्या मते घोळ होतो तो एकाच ठिकाणी, दोन्ही अर्थ लागू शकतात तिथे. पोराचा फोन येतो, "पप्पा, लिटरली पाय मोडला", आता पप्पांनी हसायचं की दवाखान्यात जायला गाडी काढायची?