ओटा दुकानाचा, ठेला दुसऱ्याचा
रामबागेतल्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, पायपाय वेगवान ना? मग माझा नमपायवाला प्रोग्राम त्यावर उलट रखडला कसा?" पायपाय म्हणजे पायथॉन भाषेतले प्रोग्राम चालवणारा पर्यायी इंटरप्रिटर, आणि नमपाय म्हणजे पायथॉनसाठीची आकडेमोडीची लायब्ररी. भाचा छोट्या छोट्या अ‍ॅरेंवर, म्हणजे आकड्यांच्या रांगांवर, लाखो वेळा नमपायची फंक्शन्स बोलावत होता. गोम तिथेच आहे, पण तिचं मूळ जुनं आहे.

पायथॉन 1991 मध्ये बाहेर आला. त्याचा मूळ इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम वाचून चालवणारा भाग, सी भाषेतला. सी एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे नमपायसारख्या सीमध्ये लिहिलेल्या जोडभागांसाठी, सुरुवातीला वेगळी सीमारेषा अशी आखली गेली नाही. इंटरप्रिटरची आतली रचनाच बरीचशी बाहेरच्यांना दिसत राहिली. आपल्या इंदूरच्या सराफ्यात दिवसा चांदीची दुकानं आणि रात्री त्यांच्याच ओट्यांसमोर चाटचे ठेले, तसं. ठेलेवाल्याला ओट्याची उंची पाठ असते. उद्या कुणी बिनओट्याचं दुकान बांधलं तर त्याने मांडायचं कुठे?

इथला ओटा म्हणजे संदर्भमोजणी. प्रत्येक ऑब्जेक्टसोबत, म्हणजे प्रोग्राममधल्या वस्तूसोबत, एक आकडा असतो, त्याला किती जण धरून आहेत याचा. तो शून्यावर आला की ऑब्जेक्ट मोडीत. एक्स्टेन्शनचा कोड हा आकडा थेट मेमरीत वाढवतो-घटवतो. काही फंक्शन्स तर 'उसना' संदर्भ देतात: वस्तू वापरा, पण मोजू नका. उसनवारीचा हिशोब चुकला की प्रोग्राम कोसळू शकतो.

यातली गंमत प्रोग्रामर जिम ह्युगुनिन यांची. नमपायचा पूर्वज असलेली न्यूमेरिक ही सी लायब्ररी त्यांनीच सुरू केली, आणि 1997 मध्ये जावावर चालणारा पायथॉन, आजचा जायथॉन, तोही त्यांचाच. म्हणजे त्यांच्या सीमधल्या अपत्याला जावावरच्या दुसऱ्याच्या घरात जागा नव्हती!

पायपायमध्ये कचरा, म्हणजे नको झालेले ऑब्जेक्ट, गोळा करणारी यंत्रणा उरलेले ऑब्जेक्ट मेमरीत इकडून तिकडे हलवते. सीला मात्र पत्ता कायमचा हवा. म्हणून 2010 मध्ये आलेला सीपायएक्स्ट नावाचा थर सीच्या बाजूला प्रत्येक ऑब्जेक्टचा एक स्थिर तोतया उभा करतो. पायपाय निव्वळ पूर्णांकांची यादी नुसत्या आकड्यांच्या रूपात ठेवतो. सीने त्यातला एक मागितला की आधी ऑब्जेक्ट घडवा, मग तोतया, मग जोडणी. भाच्याचा वेळ या ये-जा करण्यात जात होता.

नमपायच पायपायसाठी नव्याने लिहायचा घाटही घातला गेला, पण मूळ नमपाय रोज पुढे सरकत होता. अखेर तो नाद सुटला. 2012 चा सीएफएफआय, म्हणजे सीशी बोलायचा दुसरा मार्ग, मला जास्त शहाणा वाटतो: सीची फंक्शन्स थेट बोलवा, इंटरप्रिटरच्या पोटात शिरूच नका. मात्र त्यासाठी जुनी एक्स्टेन्शन्स पुन्हा लिहावी लागतात, आणि तेवढी हौस कुणाला?

2019 मध्ये सुरू झालेल्या एचपायने, म्हणजे एक्स्टेन्शन लिहायच्या नव्या पद्धतीने, पॉइंटरऐवजी (मेमरीतल्या थेट पत्त्याऐवजी) 'हँडल', म्हणजे नुसतं टोकन, दिलं. ते घेतलं की आपणच बंद करायचं, उसनवारी बंद. आत काय आहे ते इंटरप्रिटरचं इंटरप्रिटर बघेल.

भाच्याला तूर्त एवढंच सांगितलं, "सगळे छोटे अ‍ॅरे एका मोठ्यात भर आणि नमपायला एकदाच बोलाव. नाहीतर मूळ पायथॉनवर परत जा." तो परत गेला.