पिवळं कुठे साठलंय त्यावर सगळं ठरतं

कोंबडीचं अंडं फोडलं की पिवळ्यावर एक फिकट ठिपका असतो, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, आपण हाफ फ्राय करायच्या नादात तो बघतच नाही. पण पिल्लू होतं ते त्या ठिपक्यातूनच, बाकीचं पिवळं म्हणजे त्याची शिदोरी. दुकानातल्या अंड्यातला हा अख्खा गोळा मिळून एकच पेशी असते, आणि हा माल तयार होतो कोंबडीच्या लिव्हरमध्ये, तिथून रक्तातून अंडाशयात जातो. ठिपक्याची बाजू वजनाला हलकी, त्यामुळे अंडं कसंही फिरवा, ठिपका आपोआप वर येतो, म्हणजे बरोब्बर उबवणाऱ्या कोंबडीच्या पोटाकडे!

आता मुद्दा असा की अंड्याची पेशी दुभंगायला लागली की बलक आडवा येतो. कोंबडीत तो इतका आहे की त्यातून काप जातच नाही, फक्त ठिपक्याचे तुकडे पडत राहतात.

बेडकाचं मात्र मधलंच काहीतरी असतं. पावसाळ्यात डबक्यात अंडी दिसली तर नीट बघा, वरची बाजू काळपट आणि खालची फिकट, बलक त्या फिकट बाजूला जास्त. काप वरून सुरू होतो, खाली बलकात पोचला की असा रखडतो की पहिला काप पूर्ण व्हायच्या आत वर दुसरा सुरू झालेला असतो. म्हणून वर बारीक बारीक भरपूर पेशी होतात, खाली थोड्याच पण मोठ्या.

किडे तर भलतेच. फळमाशीच्या अंड्यात बलक मधोमध, मग ती पेशी कापायच्या भानगडीतच पडत नाही, आधी नुसतं केंद्रक १३ वेळा दुप्पट होतं, त्यातली बहुतेक केंद्रकं कडेला सरकतात आणि मग सगळ्यांभोवती एकदम भिंती, सुमारे ६००० पेशी. हे सगळं तीनेक तासांत, मला तर हाच प्रकार सगळ्यात भारी वाटतो.

माणसाचं बीजांड ०.१ मिलिमीटरचं, बलक नावालाच आणि तोही सगळीकडे सारखा पसरलेला, त्यामुळे तुकडेही साधारण सारखेच पडतात. पुढचं खाणं वारेतून येतं ना, साठवायचं कशाला. प्लॅटिपस या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्याकडे बलक बनवणारा एक जीन अजून चालू आहे, आपले कधीच बंद पडलेत. तरी गर्भाला बलकाची पिशवी अजून फुटते, आत बलक नाही, पण आपल्या पहिल्या रक्तपेशी तिच्याच भिंतीत तयार होतात.